मागचे स्पीकर मुके का?

प्रश्न : संगणक ऑप्टिकल केबलने अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आहे, चित्रपट ५.१ ध्वनीचा असूनही पुढचे दोनच स्पीकर वाजतात. — एक वाचक, निपाणी

उत्तर : ऑप्टिकल केबलीतून उलगडलेला ध्वनी दोनच वाहिन्यांचा जाऊ शकत असल्याने, संगणकाने डॉल्बी डिजिटलचे विसंकेतन स्वतःच केले की मागच्या वाहिन्यांचा आशय त्या दोहोंत विलीन होतो, सबब चित्रपट कोडी या प्लेयर-सॉफ्टवेअरवर पाहत असाल तर त्याच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये ‘पासथ्रू’ सुरू करावे, वाहिन्यांची संख्या २.० ठेवावी, आणि मूळ संकेतबद्ध प्रवाह जसाच्या तसा हवाली करून तो उलगडण्याचा अखत्यार अ‍ॅम्प्लिफायरकडे सोपवावा. डीटीएसचेही तसेच, ट्रूएचडीस मात्र एचडीएमआयच हवी. अर्थात सगळेच चित्रपट ५.१ ध्वनीचे नसतात : कोल्हापुरात १९३२ साली निर्माण झालेल्या ‘अयोध्येचा राजा’चा ध्वनी मुळातच एकवाहिनी आहे, असे जुने बोलपट कृत्रिमरीत्या सहा दिशांना पांगवणे मला अनुचित वाटते.