आग्र्यास जाताना

शिवाजी महाराजांच्या १६६६ सालच्या सुटकेमुळे आग्रा हे नाव मराठी मुलांच्या परिचयाचे असते. परंतु तेथे जाणाऱ्या प्रवाशाचे मन प्रथम ओढ घेते ते ताजमहालाकडे. शाहजहान बादशहाची बेगम मुमताजमहल १६३१ साली निवर्तली. तिची ही कबर. जेथे शांतपणे उभे राहावयाचे, तेथे गोंगाट झाला तर पाहण्यातील अर्थच हरपतो. पायांच्या अखंड वर्दळीने वास्तूही झिजते. म्हणूनच २०१८ साली प्रत्येक प्रवाशास तीन तासांची मर्यादा घालण्यात आली.

तेव्हा निघण्यापूर्वी वेळेचा नीट विचार करावा. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. शनिवार, रविवार व सणांच्या सुट्ट्या टाळून मधला एखादा वार निवडावा. सूर्योदयापूर्वी दरवाजे उघडतात. तेव्हाच पोहोचल्यास उजाडताना संगमरवराचा पालटणारा रंग निवांतपणे पाहता येतो. ऊन चढून गर्दी वाढू लागली, की यमुना ओलांडावी. पैलतीरी इतिमाद-उद-दौलाची कबर आहे. नूरजहानने ती आपल्या पित्यासाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधविली. तिच्या संगमरवरातील रंगीत दगडांचे जडावकाम अगदी जवळून न्याहाळावे. मावळतीपूर्वी त्याच तीरावरील मेहताब बागेतून ताजमहालाचे पुन्हा एकदा दर्शन घ्यावे.

गर्दीला नावे ठेवणे सोपे असते. पण त्या गर्दीत आपणही एक असतो. आपण वेळ बदलली, तर आपल्याला निवांतपणा लाभतो आणि त्या पुरातन वास्तूवरील भारही तेवढाच हलका होतो.