महागडे औषध आणि विम्याची मंजुरी : वेळ कशी साधावी?

अमरावती-अकोल्याकडील आपले बहुतेक व्यापारी आणि कारागीर रोजच्या कमाईवर घर चालवितात. अशा घरात डॉक्टरांनी महागडे इंजेक्शन लिहून दिले आणि विमा कंपनीने ‘हे पॉलिसीत बसत नाही’ असे कळविले, तर उपचार थांबतो किंवा भांडवलाला हात लागतो. म्हणून नियम आधीच समजून घेतलेले बरे.

काय बसते? विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी दिली. हे उपचार कंपनीला सरसकट वगळता येत नाहीत. मात्र रकमेची मर्यादा घालता येते. तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी, इम्युनोथेरपीची इंजेक्शने आणि डोळ्याच्या आत द्यावयाचे इंजेक्शन त्यांत आहेत. मधुमेहाने पडदा बिघडलेल्या शिंप्याला वा जरीकाम करणाऱ्याला शेवटचे विशेष उपयोगी आहे.

अडचण कोठे? हे उपचार रुग्णालयात दाखल होऊन किंवा ‘डे-केअर’ म्हणून घ्यावे लागतात. तेच औषध दुकानातून घेऊन घरी वापरले, तर दावा अडकण्याचा संभव असतो. मधुमेहासारखा जुना आजार पॉलिसी घेताना लपविला असल्यासही नकार मिळू शकतो.

अर्ज कसा करावा? औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून पत्र घ्यावे. आजाराचे निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा, किती वेळा द्यावयाचे, नेहमीचे औषध का चालत नाही, उशीर झाल्यास काय धोका आणि अंदाजे खर्च एवढे त्यात हवे. सोबत तपासणीचे अहवाल जोडावेत.

मुदत किती? मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा आहे. हा तास विनंती पोहोचल्यापासून धरतात. म्हणून रुग्णालयाने कागद केव्हा पाठविले ते विचारून वेळ लिहून ठेवावी.

नकार आल्यास तो पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात उत्तर न आल्यास वा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. परंतु अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते.

ज्यांची पॉलिसी नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होते. अकोल्यात ती २०१३ मध्ये आली. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. यादीतील उपचारांनाच मंजुरी मिळते, म्हणून शिधापत्रिका व आधार घेऊन आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

थोडक्यात, औषध घेतल्यावर पावत्या गोळा करीत फिरण्यापेक्षा घेण्यापूर्वीचा एक नीट अर्ज अधिक मोलाचा आहे. आपली पॉलिसी आजच काढून वाचावी.