आइसलँड : धबधबे फुकट, पार्किंग विकत

आइसलँडला विमान, मुक्काम आणि भाड्याची गाडी खिसा रिकामा करतात. धबधबे पाहायला मात्र तिकीट नाही. तेव्हा स्थळं गाळू नका, गरम पाण्यात डुंबायचं ठिकाण मात्र विचारपूर्वक निवडा. खालचे दर अंदाजे आहेत. १ क्रोना म्हणजे सुमारे ७० पैसे धरले आहेत.

काय पाहाल?
रेक्याविकहून एका दिवसात ‘गोल्डन सर्कल’ होतं : इ. स. ९३० पासून जिथे आल्थिंग ही संसद भरायची ते थिंगवेल्लिर, दर काही मिनिटांनी उकळतं पाणी उडवणारा स्ट्रोक्कुर आणि गुलफॉस धबधबा. दक्षिणेला सेल्यालांडस्फॉस धबधब्याच्या धारेमागून चालता येतं, रेनकोट हवाच. बऱ्याच ठिकाणी पार्किंगचे सुमारे १,००० क्रोना (७०० रुपये) पडतात, पण ते गाडीमागे. चौघांत एक गाडी स्वस्त पडते.

कुठे डुंबाल?
• ब्लू लगून : माणशी १०,००० क्रोना (७,००० रुपये) किंवा जास्त, दर वेळेनुसार बदलतो. पाणी शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून येतं. आरक्षण आधीच करा. २०२३च्या अखेरपासून जवळच ज्वालामुखीचे उद्रेक झाल्याने ते अधूनमधून बंद ठेवावं लागलं आहे. निघण्यापूर्वी चौकशी करा.
• सीक्रेट लगून, फ्लुदिर : १८९१ मधला जुना तलाव, सुमारे ४,००० क्रोना. गोल्डन सर्कलला जोडून होतो.
• रेक्याविकचे पालिकेचे तलाव : सुमारे १,५०० क्रोना. गरम पाण्याची वेगवेगळ्या तापमानाची कुंडं असतात. टॉवेल घरचा न्या, भाडं वाचेल.
• रेक्यादालुर : डोंगरातला गरम ओढा. प्रवेश फुकट, पण तासाभराची चढण. कपडे बदलायला नुसता आडोसा.

दोघांचं ब्लू लगून १४,००० रुपयांच्या घरात जातं, पालिकेचा तलाव २,१०० रुपयांत होतो. हौस म्हणून एकदा पहिलं, बाकी संध्याकाळी दुसरा.

आधी माहीत हवं
तलावात उतरण्यापूर्वी कपडे काढून साबणाने अंघोळ सक्तीची आहे. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. संकोच वाटत असेल तर आडोशाचा शॉवर विचारा. गंधकामुळे चांदी काळी पडते, जोडवी-पैंजण काढून ठेवा.

व्हिसा : शेंगेन, प्रौढांना ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

इथे काटकसर नको : गाडीचा खडी-वाळूचा विमा घ्या. पार्किंगचे पैसे बुडवलेत तर दंडाबरोबर गाडीवाल्याचं शुल्कही तुमच्या कार्डावर येईल.