पर्जन्यनोंदीतील रिकामा रकाना आणि ‘आर’ भाषेचे शून्य

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात उळवी हे गाव आहे. चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे ते दूरवर परिचित आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेला उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या येतात, तेव्हा रानातील वाटा कोरड्या असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र याच रानात सह्याद्रीचा पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाही. अशा गावाच्या जुलै महिन्यापुढे पावसाचा आकडा ‘०’ असा छापून आला, तर तेथील शेतकरी तो वाचून हसेल. परंतु तोच तक्ता शंभर कोसांवरील कचेरीत शेकडो गावांच्या तक्त्यांबरोबर उघडला जातो, तेव्हा त्या शून्यावर हसण्याचे कोणास कारण दिसत नाही. हे शून्य पर्जन्यमापकातून आलेले नसते, नोंद घेणाऱ्यानेही लिहिलेले नसते. ते आकडेमोड करणाऱ्या संगणकीय भाषेने, स्वतःच्या नियमांप्रमाणे अगदी बिनचूकपणे, निर्माण केलेले असते.

या शून्याची किंमत काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. पुनर्रचित हवामानाधारित पीक विमा योजना २०१६ पासून अमलात आली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपारी व मिरी या बागायती पिकांना तिचा आधार आहे. या योजनेत नुकसानभरपाई बागेची पाहणी करून ठरत नाही. त्या क्षेत्रासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. सलग पावसाने सुपारीवर कोळेरोग पडतो आणि कच्ची फळे झाडाखाली गळून पडतात. ती फळे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर असली, तरी तक्त्यात पाऊस नसेल तर हिशेबाच्या दृष्टीने रोगाचे कारणच घडलेले नसते. म्हणून पर्जन्यनोंदी हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, त्या नोंदी पाठविणाऱ्या ग्रामलेखापालांनी आणि शाळेत सांख्यिकी शिकविणाऱ्या शिक्षकांनी या भाषेच्या काही लकबी जाणून घेणे इष्ट आहे.

‘आर’ ही सांख्यिकीसाठी तयार झालेली संगणकीय भाषा होय. तिचे मूळ ‘एस’ या भाषेत आहे. ती भाषा १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ची उभारणी केली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ही भाषा विनामूल्य मिळते, त्यामुळे विद्यापीठांपासून शासकीय कचेऱ्यांपर्यंत ती पसरली. (या लेखात फंक्शनांची नावे व आकडे देवनागरीत दिले आहेत. फंक्शनांची नावे संगणकावर रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. आकड्यांविषयी पुढे सांगायचे आहे.)

नसलेली नोंद आणि नसलेला पाऊस

आपल्याकडे पर्जन्यमापक दररोज सकाळी साडेआठ वाजता पाहतात आणि मागील चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहितात. समजा, एका आठवड्याच्या नोंदी अशा आहेत : ६४, ८०, नोंद नाही, ९६, ०, ४०, ११०. (हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.) तिसऱ्या दिवशी नाल्याला पूर आल्याने नोंद घेता आली नाही, पाचव्या दिवशी नोंद घेतली, पण पाऊस पडला नव्हता. पहिले आपले अज्ञान आहे, दुसरे आपले ज्ञान आहे. ‘आर’मध्ये अज्ञानासाठी ‘एनए’ ही स्वतंत्र खूण आहे. ही या भाषेची मोठी सोय आहे, असे मी मानतो; कारण साध्या तक्त्यात रिकामी जागा आणि शून्य यांची नेहमी गल्लत होते.

या सात नोंदींची सरासरी ‘मीन’ या फंक्शनला विचारल्यास उत्तर ‘एनए’ येते. सातपैकी एक संख्या ठाऊक नसेल, तर सातांची सरासरीही ठाऊक नाही, हे रास्तच आहे. परंतु कचेरीतील मनुष्याला आकडा हवा असतो. म्हणून ‘एनए वगळा’ अशी आज्ञा जोडली जाते आणि उत्तर ६५ मिळते. सहा नोंदींची बेरीज ३९०, भागिले ६. कोणी रिकाम्या जागी ० लिहिले असते, तर ३९० भागिले ७, म्हणजे ५५.७ असे उत्तर आले असते. येथवर ‘आर’चे उत्तर समंजस आहे.

आता तीच ‘एनए वगळा’ ही आज्ञा ‘सम’, म्हणजे बेरीज करणाऱ्या फंक्शनला जोडून पाहावी. उत्तर ३९० येते. सरासरी काढताना वगळलेला दिवस छेदातूनही वजा झाला होता. बेरजेला छेद नसतो. त्यामुळे बेरजेत वगळणे म्हणजे त्या दिवशी शून्य पाऊस धरणेच होय. आठवड्याचा पाऊस ३९० मिलिमीटर, असे तक्ता सांगतो. खरे विधान ‘निदान ३९०’ असे आहे. एकच आज्ञा दोन फंक्शनांत दोन भिन्न अर्थ धारण करते आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

याचे टोक तेव्हा गाठले जाते, जेव्हा मापक महिनाभर बिघडलेले असते. जुलैच्या एकतीसही दिवसांपुढे ‘एनए’ आहे. ती सर्व वगळली की बेरजेसाठी काहीच उरत नाही आणि काहीच नसलेल्यांची बेरीज ‘आर’ शून्य देते. हेच ते उळवीचे शून्य! हीच रिकामी ओळ ‘मीन’ला दिली, तर ‘संख्या नव्हे’ असे उत्तर येते; सर्वांत मोठी संख्या शोधणाऱ्या ‘मॅक्स’ला दिली, तर ऋण अनंत हे उत्तर सूचनेसह येते. दोन्ही उत्तरे इतकी विचित्र आहेत की पाहणारा थबकतो. एकटी बेरीजच सभ्य चेहऱ्याने खोटे बोलते.

यात भाषेचा दोष आहे काय? गणिताच्या दृष्टीने नाही. दोन याद्यांच्या बेरजा मिळवल्या असता एकत्रित यादीची बेरीज आली पाहिजे, हा नियम टिकवायचा तर रिकाम्या यादीची बेरीज शून्यच मानावी लागते. याच न्यायाने रिकाम्या यादीचा गुणाकार १ मानतात. गणितज्ञाला हे हवेच असते. पर्जन्याच्या नोंदवहीला मात्र ते घातक ठरते. उपाय साधा आहे. प्रत्येक बेरजेशेजारी ‘नोंदलेले दिवस’ असा एक रकाना ठेवावा आणि तो महिन्याच्या दिवसांहून कमी असल्यास बेरीज ‘एनए’च राहू द्यावी.

हे शून्य आणखी एका वाटेने येते. तक्त्यातील रकाना नावाने मागवताना नाव चुकले, तर ‘आर’ चूक दाखवतेच असे नाही. तक्त्याचे नाव, डॉलरची खूण आणि रकान्याचे नाव असे लिहिण्याची जी प्रचलित पद्धत आहे, तीत नसलेला रकाना मागितल्यास ‘नल’, म्हणजे काहीच नाही, एवढे उत्तर मिळते. आणि ‘नल’ची बेरीज पुन्हा शून्य!

आकडा की अक्षर

‘आर’मधील सर्वांत मूलभूत रचना व्हेक्टर, म्हणजे एकाच जातीच्या गोष्टींची ओळ, ही आहे. ओळीत सर्व संख्या तरी असाव्यात किंवा सर्व मजकूर तरी. मिश्रण चालत नाही. संख्यांच्या ओळीत एके ठिकाणी जरी ‘नोंद नाही’ असे शब्द आले, तरी संपूर्ण ओळ मजकूर बनते. मग ११२ ही संख्या राहत नाही. एक, एक, दोन या तीन चिन्हांचा शब्द होतो, आणि शब्दकोशाच्या क्रमाने ‘९’ हा ‘११२’ च्या नंतर येतो.

यापुढची पायरी अधिक धोक्याची आहे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीपूर्वी फाइलमधून तक्ता वाचताना मजकुराच्या रकान्याचे ‘फॅक्टर’ या रचनेत आपोआप रूपांतर होत असे. फॅक्टर म्हणजे वर्गवारी. प्रत्येक भिन्न शब्दाला वर्णक्रमाने एक अनुक्रमांक मिळतो आणि आत केवळ अनुक्रमांक साठवले जातात. ११२, ८७, नोंद नाही, ९ अशा चार नोंदींत ‘११२’ ला १, ‘८७’ ला २, ‘९’ ला ३ आणि ‘नोंद नाही’ या शब्दांना ४ हा क्रमांक मिळतो. अशा रकान्याचे थेट संख्येत रूपांतर करा म्हटले, की ‘आर’ हे अनुक्रमांकच हवाली करते : १, २, ४, ३. ज्ञात पावसाची बेरीज २०८ असताना उत्तर १० येते. ज्या दिवशी नोंदच नव्हती, त्या दिवशी सर्वांत जास्त पाऊस पडल्याचे दिसते! जुन्या फाइली व जुने कार्यक्रम अनेक कचेऱ्यांत आजही चालू असल्याने ही अडचण इतिहासजमा झाली असे समजू नये. फॅक्टरचे आधी मजकुरात आणि नंतर संख्येत, असे दोन टप्प्यांत रूपांतर करावे. तसे केल्यास ‘नोंद नाही’च्या जागी ‘एनए’ येते आणि संगणक तशी सूचनाही देतो.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी येथेच आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवनागरी अंक ‘आर’ला संख्या म्हणून ओळखता येत नाहीत. कोणी ‘११२’ असे देवनागरीत टंकलिखित केले, तर ‘आर’च्या लेखी तो मजकूरच ठरतो आणि रूपांतर करता त्याचे ‘एनए’ होते. महिनाभराच्या नोंदी अशा आल्या, सूचनेकडे दुर्लक्ष झाले आणि पुढे ‘एनए वगळा’ म्हटले, की आपण पुन्हा त्याच शून्यापाशी येऊन पोहोचतो. कन्नड अंकांचीही हीच गत आहे. नोंदवही कोणत्याही लिपीत असो, संगणकात भरण्याचे अंक इंग्रजी वळणाचेच असावेत.

आखूड ओळ लांब होते

दोन ओळींचा भागाकार करायचा असून एक ओळ आखूड असेल, तर ‘आर’ ती पुन्हा पुन्हा वापरून दुसरीइतकी लांब करते. बारा महिन्यांच्या पावसाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या सरासरीने कोणी भागले, तर चार आकडे तीनदा फिरवले जातात. जानेवारीचा पाऊस जूनच्या सरासरीने भागला जातो, जूनचा जुलैच्या, जुलैचा ऑगस्टच्या, ऑगस्टचा सप्टेंबरच्या आणि सप्टेंबरचा जूनच्या. बारापैकी एकही उत्तर खरे नसते. बाराला चाराने पूर्ण भाग जातो, म्हणून सूचनाही मिळत नाही. ऑक्टोबर धरून पाच महिने घेतले असते, तर निदान सूचना आली असती. उत्तरे मात्र तेव्हाही छापली गेलीच असती. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर करून दाखवावे. त्याला संगणक लागत नाही.

फंक्शनांच्या बोलण्याच्या रीतीही एकसारख्या नाहीत. ६४, ८०, ९६ हे तीन आकडे सुटे दिल्यास ‘सम’ २४० सांगते, ‘मॅक्स’ ९६ सांगते, पण ‘मीन’ ८० न सांगता ६४ सांगते. ‘मीन’ फक्त पहिल्या जागेवरील गोष्टीला माहिती समजते आणि पुढील आकड्यांना आज्ञा समजते. तिन्ही आकडे आधी एका ओळीत गुंफून दिले म्हणजे ८० मिळते. नमुना निवडणारे ‘सॅम्पल’ हे फंक्शनही असेच फसवते. गावांच्या क्रमांकांची यादी दिली, तर ते त्या यादीतून निवड करते. परंतु यादीत ३७ हा एकच क्रमांक उरला असेल, तर १ ते ३७ यांपैकी कोणताही क्रमांक काढते आणि पाहणी करणारे पथक भलत्याच गावी जाते.

सुपा आणि जोयडा

शेवटी तक्ते जोडण्याविषयी. काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले. तालुका व्यवहारात जोयडा झाला, तरी २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत तो सुपा याच नावाने आहे. पावसाच्या तक्त्यात जोयडा आणि जनगणनेच्या तक्त्यात सुपा असे असताना दोन्ही तक्ते तालुक्याच्या नावावरून ‘मर्ज’ या फंक्शनने जोडले, तर ज्या ओळींना जोडीदार मिळत नाही त्या ‘आर’ मुकाट्याने गाळते. हल्याळ राहते, यल्लापूर राहते, कारवार राहते. उळवीसह सबंध जोयडा तालुका तक्त्यातून नाहीसा होतो. जोयडा, जोइडा अशा लेखनभेदांनी, किंवा नावापुढे चुकून राहिलेल्या एका मोकळ्या जागेनेही हेच घडते. सर्व ओळी राखण्याची आज्ञा ‘मर्ज’ला वेगळी द्यावी लागते. ती दिली की जोयडा आणि सुपा या दोन अर्धवट ओळी एकाच तक्त्यात दिसू लागतात, आणि प्रत्येकीच्या रिकाम्या भागात ‘एनए’ असते.