घेत होते, की घेताहेत?

नर्सिंग करून इंग्लंडला यायच्या तयारीत असलेल्या मुली फोन करतात, तेव्हा बहुतेकींचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘ताई, ते बारा टेन्स पुन्हा पाठ करायचे का?’ करायला हरकत नाही. पण तक्त्यात फक्त रूपं असतात. त्यातलं कुठलं कधी वापरायचं, हे बऱ्याचदा पेशंटला विचारल्याशिवाय कळत नाही. मला हे व्याकरणाच्या वर्गात नाही, वॉर्डात उमगलं.

उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळात हाडांच्या वॉर्डात माझी रात्रपाळी होती. संध्याकाळी खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा दाखल झाले होते. दाखल करून घेणारी सिस्टर आपल्याकडचीच. तिने कागदावर लिहिलं होतं, ‘ही वॉज टेकिंग वॉर्फरिन.’ डोक्यात मराठी वाक्य असणार, ‘घरी वॉर्फरिन घेत होते.’ आपल्या कानाला त्यात काही खटकत नाही. माणूस आता घरी नाही, इस्पितळात आहे, म्हणून ‘होते’. ड्यूटीवरच्या डॉक्टरने मात्र ते ‘पूर्वी घ्यायचे, आता बंद आहे’ असं वाचलं आणि सकाळच्या ऑपरेशनच्या यादीत आजोबांचं नाव पहिलं लागलं.

वॉर्फरिन रक्त गोठू देत नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी ते साधारण पाच दिवस थांबवतात. पडझडीच्या पेशंटला तेवढा वेळ नसतो, म्हणून व्हिटॅमिन के देऊन परिणाम उतरवावा लागतो. पण त्यासाठी औषध चालू आहे हे आधी कळायला हवं ना! इथे पेशंट आला की २४ तासांत त्याच्या औषधांची पडताळणी व्हावी, असा दंडक आहे. त्यामुळे सकाळी फार्मासिस्ट आली आणि तिने आजोबांना सरळ विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली? ‘परवा संध्याकाळी. रोजच्यासारखी.’ लगेच रक्त तपासायला गेलं, रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, म्हणजे आयएनआर, तीनच्या वर निघाला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. आजोबा सुखरूप घरी गेले.

नंतर चर्चा झाली ती त्या सिस्टरच्या इंग्रजीची. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. ‘अजून घेता का, शेवटची कधी घेतली’ हा प्रश्न त्या संध्याकाळी कोणीच विचारला नव्हता, तिने नाही आणि डॉक्टरनेही नाही. उत्तर हातात असतं तर ‘ही हॅज बीन टेकिंग वॉर्फरिन सिन्स २०१५, लास्ट डोस यस्टरडे इव्हिनिंग’ हे तिला सहज लिहिता आलं असतं. म्हणून माझा पहिला सल्ला व्याकरणाचा नाहीच. लिहायला बसण्याआधी प्रत्येक गोष्टीबद्दल स्वतःला विचारा, हे आज, आत्ता चालू आहे का? माहीत नसेल तर खुर्चीतून उठा आणि पेशंटला विचारा. इंग्रजी क्रियापद याच प्रश्नाचं उत्तर मागतं; मराठीत ते आपण संदर्भावर सोडून देतो.

चालू असेल आणि मागे कधीतरी सुरू झालं असेल, तर ‘हॅज’ किंवा ‘हॅज बीन’. ‘शी हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप अजून आहे. ‘शी हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे होता, उतरला. आपल्या ‘तीन दिवसांपासून ताप आहे’चं शब्दशः ‘शी इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज’ होतं. ते इथले लोक समजून घेतात, पण इंग्रजीच्या परीक्षेतला परीक्षक घेत नाही. ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा क्षण येतो, सोमवार किंवा २०१५, ‘फॉर’च्या पुढे मुदत येते.

उलट बाजूची चूक ‘काल’ची. ‘काल इंजेक्शन दिलं आहे’ हे मराठीत अगदी शुद्ध. म्हणून हात आपोआप ‘हॅज बीन गिव्हन यस्टरडे’ लिहितो. संपलेल्या वेळेचा शब्द वाक्यात आला, मग तो काल असो, गेल्या आठवड्यात असो की २०१२ साली, तर तिथे ‘हॅज’ला जागा नाही. ‘वॉज गिव्हन यस्टरडे’, बस.

‘हॅड’चा सोस आपल्याला फार. ‘सकाळी डॉक्टर आले होते’ म्हणताना ते येऊन गेले, एवढंच आपल्याला सांगायचं असतं. पण ‘द डॉक्टर हॅड कम’ म्हटलं की इंग्रज नर्स पुढच्या वाक्याची वाट बघत राहते: आले होते, आणि मग काय झालं? ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कुठली घडली यावर काहीतरी अवलंबून असतं. ‘शी हॅड टेकन हर इन्शुलिन बिफोर शी कोलॅप्स्ड’ इथे ते जागेवर आहे. इन्शुलिन आधी की चक्कर आधी, यावर पुढचे उपचार ठरतात.

‘आय ॲम नॉट नोइंग’ छाप इंग्रजीबद्दल लांबण लावत नाही. मुंबईचे कवी निस्सिम इझिकेल यांनी त्या लकबीतून कविता रचल्या आहेत, त्या वाचा आणि हसा. स्वतःच्या भाषेवर हसता आलं की ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलाँग’ यांना ‘इंग’ लावायची सवय लवकर सुटते.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. शाळेत आपण ताख्यात, लाख्यात घोकली. व्याकरणकारांनी ही नावं काळावरून न ठेवता प्रत्ययावरून ठेवली, त्यात शहाणपण होतं: मराठीत ‘आलो’ म्हणणारा माणूस अजून घरातून निघालेला नसतो. तसंच ‘गोळी दिलीच’ म्हणजे आता देते. तोंडी हे खपतं. औषधांच्या तक्त्यावर ‘गिव्हन’ लिहिलं म्हणजे गोळी पेशंटच्या पोटात गेली. सही त्यानंतरच, घाई कितीही असो.

आता ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टविषयी. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएल्टीएसही चालते, पण नर्सला ओईटी जवळची वाटते, कारण तिच्या लेखनाच्या भागात पेशंटचं पत्र लिहायचं असतं. त्याला ४५ मिनिटं मिळतात. पहिल्या पाच मिनिटांत फक्त वाचायचं, लिहायची परवानगी नसते. समोरच्या टिपणांत क्रियापदं जवळपास नसतातच: ‘मधुमेह २०१२. तेव्हापासून मेटफॉर्मिन. परवा पडझड. मुलगी शेजारी.’ काळ पुरवायचे ते तुम्ही. बऱ्याच मुली ही पाच मिनिटं अवघड शब्दांवर घालवतात. त्याऐवजी डोळ्यांनीच प्रत्येक ओळ निवडा: हे घडून संपलं, हे अजून चालू आहे, हे पुढे करायचं आहे. मग मधुमेहाचं निदान ‘वॉज डायग्नोज्ड इन २०१२’, मेटफॉर्मिन ‘हॅज बीन टेकिंग सिन्स देन’, पडणं ‘फेल’, मुलगी ‘लिव्ह्ज’. चार ओळींत तीन काळ झाले आणि तक्ता आठवावा लागला नाही.

वॉर्डातल्या हँडओव्हरला ‘एसबार’चा साचा आहे: परिस्थिती, पूर्वइतिहास, मूल्यमापन, शिफारस. परिस्थिती आणि मूल्यमापन बहुतेक वर्तमानात, शिफारस पुढची. कस लागतो तो पूर्वइतिहासात, कारण संपलेलं आणि चालू असलेलं तिथे शेजारी शेजारी बसलेलं असतं. घरी सराव करायचा तर तेवढाच भाग रोज मोठ्याने बोला. पेशंट म्हणून सासूबाईंना किंवा वडिलांना घ्या. बीपीची गोळी कधीपासून चालू आहे, मधे कधी बंद होती, हे त्यांना खरोखर विचारून मग इंग्रजीत सांगा.

अमेरिकेच्या वाटेवर असाल तर तिथे ‘डिड यू ईट येट’ असं ऐकू येईल. इंग्लंडमध्ये तेच ‘हॅव यू ईटन येट’ होतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. फक्त ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न विचारलात, तर शेवटचं कधी खाल्लं ती वेळही लिहून ठेवा.