दिवसा पेंग येते? आधी वही, मग लॅब, मग मशीन

वय पंचविशीच्या आसपास, तब्येत दिसायला ठणठणीत आणि दुपारी तीनला मान खाली. घरचे म्हणतात आळस. ऑफिसातला मित्र म्हणतो, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, माझंही होतं. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात झळकते: ऐंशी तपासण्या, फक्त पंधराशे रुपयांत, घरी येऊन रक्त नेऊ. बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या क्रमाने जायला लागतात. त्या ऐंशींपैकी साठ-सत्तर आकड्यांचा झोपेशी काही संबंध नसतो, आणि झोपेसाठी जी तपासणी खरी लागू शकते ती त्या यादीत नसतेच.

सुरुवात वीस रुपयांच्या वहीने करा. दोन आठवडे रोज पाच गोष्टी लिहायच्या: फोन हातातून कधी सुटला, दिवा कधी बंद केला, उठलो कधी, चहा-कॉफी किती वाजता घेतली, दिवसा डुलकी कुठे लागली. रविवारचीही नोंद हवी, कारण खरा पुरावा रविवारीच सापडतो. आठवडाभर सहा तास झोपणारा माणूस सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत उठत नसेल, तर शरीर थकबाकी वसूल करतंय असं समजा. अठरा ते पंचवीस या वयात ७ ते ९ तास झोप लागते. त्यातच या वयात शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं. बाराच्या आत झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही, हा निव्वळ हट्ट नसतो. पण कर्जत-कसाऱ्याहून सुटणारी पहाटेची लोकल, पोलीस भरतीचं पहाटेचं मैदान किंवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतली जागा यातलं काहीच त्या घड्याळासाठी थांबत नाही. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांचं तर सगळंच उलटं.

तरुणांमधल्या दिवसाच्या पेंगेचं सगळ्यात मोठं कारण अपुरी झोप हेच आहे. त्याला लॅबचं बिल लागत नाही, म्हणूनच बहुधा ते कुणी गांभीर्याने घेत नाही. कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊची कॉफी दोन वाजता अजून अर्धी अंगात असते. दोन आठवडे रोज आठ तास झोपून पाहा. पेंग गेली तर खर्च संपला. हे सांगायला सोपं आहे, याची कल्पना आहे. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहणाऱ्याला दिवा कधी बंद होणार हे ठरवताच येत नाही. त्याने शंभर-दीडशे रुपयांत कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी घ्यावी. रात्रपाळी करणाऱ्याने जाड पडद्यावर पैसे घालावेत. व्हिटॅमिनच्या बाटलीपेक्षा ते पैसे चांगले कामी येतात. मनगटावरचं घड्याळ ‘गाढ झोप इतकी मिनिटं’ असं दाखवतं त्यावर फार विसंबू नका. झोपण्या-उठण्याच्या वेळा टिपायला मात्र ते पुरेसं आहे.

वहीसोबत घरातला औषधांचा डबाही उघडा. सर्दीची, शिंकांची, अंगावर पित्त उठल्यावर घेतलेली गोळी (अ‍ॅव्हिल, सेटिरिझिन आणि त्यांची भावंडं) दुसऱ्या दिवशीही गुंगी ठेवते. मायग्रेनसाठी रोज घ्यायच्या काही गोळ्या, खोकल्याची काही सिरप, चिंतेवरची औषधं यांचंही तसंच. वारंवार शिंका येणाऱ्यांनी फेक्सोफेनाडिनसारखी कमी गुंगी आणणारी गोळी चालेल का, असं डॉक्टरांना विचारावं. मानसिक आजाराची औषधं मात्र परस्पर बंद करू नयेत. रात्रीची ‘झोप लागावी म्हणून’ घेतलेली दारू पहाटेची झोप मोडते, हेही त्याच वहीत लिहा.

आता पुढचा प्रश्न: येतं ते थकवा की झोप? थकलेल्या माणसाला पाय ओढल्यासारखं होतं, जिना चढताना दम लागतो, पण दुपारी अंग आडवं केलं तरी झोप लागेलच असं नाही. पेंग येणाऱ्याला बसल्या जागी लागते. हे मोजायला एपवर्थ मापनपट्टी आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती मांडली. वाचताना, टीव्हीसमोर, बैठकीत, गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर, जेवल्यानंतर शांत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर ती दखल घेण्यासारखी. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि डॉक्टरांसमोर ‘कसंतरी होतं’ म्हणण्यापेक्षा हा आकडा कितीतरी उपयोगी.

थकव्याकडे पारडं झुकत असेल तर आधी जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. त्यांची फी ३०० ते ५००. मग रक्त. मुंबई-पुण्याच्या खासगी लॅबमधले दर साधारण असे: सीबीसी २०० ते ४००, थायरॉइडची टीएसएच २०० ते ४५०, तीन महिन्यांची सरासरी साखर ३५० ते ६५०, फेरिटिन ५०० ते १०००, बी-ट्वेल्व्ह ७०० ते १३००, व्हिटॅमिन डी १००० ते १८००. सगळं एकदम करायची गरज नसते. सीबीसी आणि टीएसएच पहिल्या फेरीत. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलींनी फेरिटिन सोबतच करावी, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. संध्याकाळ झाली की पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तरीही फेरिटिन हवीच. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-ट्वेल्व्ह. व्हिटॅमिन डी सगळ्यात महाग आणि या तक्रारीत सगळ्यात शेवटची.

दोन गोष्टी काउंटरवर कुणी सांगत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा. दुसरं, तापात किंवा अंगात संसर्ग असताना फेरिटिन करू नका. ती तेव्हा खोटी चढलेली दिसते, आणि आठशे रुपये देऊन ‘सगळं नॉर्मल’ हा चुकीचा दिलासा मिळतो.

पैशांची अडचण असेल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत. तिथे थोडी फी लागते, पण खासगीच्या मानाने किरकोळ. कारण सापडलं तर उपचार तपासणीपेक्षा स्वस्त निघतो. थायरॉइडची गोळी महिन्याला शंभर रुपयांच्या आतबाहेर पडते, लोहाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात आणखी कमी. फक्त लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. चहा ते अंगी लागू देत नाही.

रक्त ठीक, झोपही भरपूर, तरी सकाळी उठवत नाही, कशातच रस नाही, असं असेल तर नैराश्याचा विचार करा. तरुणांत ते अनेकदा रडण्याऐवजी झोपण्यातून दिसतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता महागडा भाग. घोरणं, झोपेत श्वास अडकून गुदमरल्यासारखं उठणं, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड: ही स्लीप अ‍ॅप्नियाची खूण. ‘तो तर काटकुळा आहे, त्याला कसला अ‍ॅप्निया’ हे खरं नाही. लहान जबडा, मोठे टॉन्सिल्स, बंद नाक यांनीही घसा मिटतो. रूममेटला एका रात्रीचं घोरणं रेकॉर्ड करायला सांगा. त्याची तेवढीच फी, एक चहा. मग छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ, फी ८०० ते १५००.

तपासणी दोन प्रकारची. घरी नेऊन करायची साधारण ३,५०० ते ८,००० रुपयांत होते. तिच्यात श्वास, ऑक्सिजन, नाडी मोजतात. ठळक घोरणाऱ्यासाठी ती पुरते. रुग्णालयात रात्रभर राहून करायची पॉलिसोम्नोग्राफी १०,००० ते २०,००० पर्यंत जाते. संध्याकाळी आठ-नऊला बोलावतात. डोक्याला तेल न लावता, न्हाऊन जायचं, एका बोटाचं नेलपॉलिश काढून ठेवायचं. टेक्निशियन डोक्यावर, डोळ्यांशेजारी, हनुवटीवर, पोटऱ्यांवर चिकट पेस्टने तारा लावतो, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. या अवतारात झोप कशी लागणार, असं प्रत्येकाला वाटतं. बहुतेकांना लागते. सकाळी केसांतली पेस्ट निघायला दोनदा धुवावं लागतं. रिपोर्टमध्ये एएचआय हा आकडा पाहायचा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, ३० च्या वर तीव्र.

पुरेशी झोप घेऊनही बोलता-बोलता डोळा लागतो, मोठ्याने हसताना गुडघे लुळे पडतात किंवा जबडा सुटतो, जाग येताना हालचालच करता येत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. ही लक्षणं एकत्र आली तर नार्कोलेप्सी असू शकते. ती बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होते आणि वर्षानुवर्षं आळसाच्या नावावर खपते. तिला मज्जासंस्थेचा डॉक्टर लागतो. रात्रीच्या तपासणीला जोडून दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपवून पाहायची एमएसएलटी करतात. दोन्ही मिळून १८,००० ते ३५,००० खर्च येतो आणि सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच केंद्रांत आहे. आधीच्या दोन आठवड्यांची झोपेची नोंद तिथे मागतात, म्हणजे तुमची वीस रुपयांची वही कामाला येते. जागं ठेवणारी मोडाफिनिलची गोळी मित्राकडून मागून परीक्षेच्या रात्री खाऊ नका. ती डॉक्टरच्या चिठ्ठीचीच आहे.

एक प्रसंग असा की क्रम सोडून थेट तज्ज्ञाकडेच जायचं: बाईक किंवा गाडी चालवताना एकदाही डोळा मिटला असेल तर. निदान होईपर्यंत चालवणं बंद. रिक्षाचं भाडं इथल्या कुठल्याही तपासणीपेक्षा कमी आहे.

अ‍ॅप्निया निघाला तर झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागू शकतं: साधं २०,००० ते ३५,०००, ऑटो ३५,००० ते ७०,०००. मास्क वेगळा, ३,००० ते ८,०००, आणि तो झिजला की पुन्हा घ्यावा लागतो. लगेच विकत घेऊ नका. महिना ३,००० ते ५,००० रुपये भाड्याने मशीन मिळतं, त्यावर जमतं का पाहा. अनेकांचं मशीन मास्क न बसल्यामुळे कपाटात जातं. सौम्य अ‍ॅप्नियात वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, टॉन्सिल्स किंवा नाकावर उपचार एवढ्यावरही भागू शकतं, हे विक्रेता सांगणार नाही. तपासणी करणाऱ्यानेच त्याच सकाळी मशीनचं कोटेशन पुढे केलं तर दुसरं मत घ्या.

विम्याकडून फार आशा नको. केवळ तपासणीसाठी झालेली भरती हा आरोग्य विम्यातला ठरलेला अपवाद आहे, त्यामुळे स्लीप स्टडीचा दावा बहुधा नाकारला जातो. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची सोय असेल तर तिच्यातून मागून पाहा. स्लीप स्टडीचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: रिपोर्ट कोणता डॉक्टर वाचणार, त्याची फी यातच आहे का, आणि फक्त एक पानी निष्कर्ष न देता सगळ्या आलेखांसह पूर्ण रिपोर्ट देणार का. पूर्ण रिपोर्ट हातात नसेल तर दुसरा डॉक्टर ती रात्र पुन्हा काढायला सांगू शकतो, आणि बिलही पुन्हा भरावं लागतं.