मधमाशीचा धडा आणि आपलं स्वयंपाकघर

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतात आणि आपण केलेले चोवीस गुरू सांगतात. हे अवधूत म्हणजे प्रत्यक्ष श्रीदत्तात्रेय, ही आपल्या संप्रदायाची श्रद्धा. पृथ्वी, वायू, आकाश अशी मोठमोठी नावं त्या यादीत आहेत. पण संसारी माणसानं जरा जास्त थांबावं ते मधमाशीपाशी. तिच्याकडून काय उचलायचं आणि काय नाही, दोन्ही अवधूतांनी सांगितलं आहे. घराघरांतून थोडं थोडं घ्यावं, देणाऱ्याला ओझं होऊ नये, हे उचलायचं. माधुकरी हा शब्द तिथूनच आला. साठवणं मात्र उचलायचं नाही. भिक्षूनं संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी ठेवलं तर मधाबरोबर माशी जाते तशी त्याची गत होते. आणि मध काढून नेणारा माणूसही चोवीसांतलाच एक गुरू! कष्टानं जमवलं, ना खाल्लं ना दिलं, ते शेवटी तिसराच घेऊन जातो, हा त्याचा धडा.

आता प्रश्न असा, की हे सगळं ऐकणारा यदू राजा होता. त्याला राज्य चालवायचं होतं. आपल्यालाही मुलांची फी आहे, सासूबाईंची औषधं आहेत, पावसाळ्याआधी गळकं छप्पर आहे. उद्याचं ठेवल्याशिवाय घर चालतच नाही. मग गृहस्थानं काय करायचं?

याचं उत्तर भागवतातच, आठव्या स्कंधात, आणि तेही शुक्राचार्यांच्या तोंडी सापडतं. बळीराजा वामनाला सर्वस्व द्यायला निघाला तेव्हा आचार्यांनी त्याला अडवलं. ज्यानं उपजीविकाच बुडते ते दान शहाणे वाखाणत नाहीत, म्हणाले. मिळालेल्या धनाचे पाच भाग करावेत : धर्मासाठी, कीर्तीसाठी, पुढच्या कमाईसाठी, स्वतःच्या उपभोगासाठी आणि आपल्या माणसांसाठी. बळीनं ऐकलं नाही आणि भगवंत त्याचे द्वारपाल झाले, ती गोष्ट निराळी. पण चार खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांना आचार्यांचा हिशेब कामाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या घरात आम्ही तो आमच्या बेतानं वापरतो. पगार आला की दहावा हिस्सा आधी पाकिटात जातो, मग किराणा. उरलं तर देऊ म्हटलं की कधीच उरत नाही, हे कुठल्याही गृहिणीला विचारा. दुसरी गोष्ट मुठीची, आमच्या आजेसासूबाईंपासून चालत आलेली. तांदूळ मोजून झाले की त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात. मूठ भरदार असेल तर दोन वेळचे मिळून महिन्याला तीन किलोच्या आसपास तांदूळ जमतात. एका म्हातारीचा महिना त्यावर निघतो.

साधेपणाचे प्रयोगही झाले, आणि त्यात गंमत आहे. गुरुवारचा उपास साधा म्हणावा, तर साबुदाणा, दाणे, वरई, बटाटे, दही यांचा खर्च रोजच्या भाजीभाकरीपेक्षा जास्त! म्हणून आता गुरुवारी एकवेळ भाकरी आणि पातळ पिठलं. पण खरा मुद्दा धाकट्या जावेनं काढला. खर्च कमी करायची यादी होत होती. बाहेरची पोळीभाजी बंद, कामाच्या मावशी बंद, पापड-कुरडया घरीच. ती म्हणाली, “ताई, साधेपणा सगळा ओट्यापाशीच का हो?” घर गप्प झालं. खरंच होतं. पुरुषांनी ठरवलेला साधेपणा पुष्कळदा बायकांच्या कंबरेवर उभा असतो, आणि मावशींना काढणं म्हणजे एका गरिबाची मिळकत तोडून दुसऱ्याला दान देणं. मावशी राहिल्या. गेला तो दरवर्षीचा नवा मोबाईल आणि रविवारचं हॉटेल.

गुरुचरित्रातली अमरापूरची कथा आपण अठराव्या अध्यायात वाचतो. भिक्षा मिळाली नाही की ते गरीब कुटुंब दारच्या घेवड्याच्या शेंगा खाऊन राहायचं. श्रीगुरू भिक्षेला आले तेव्हा घरात शेंगाच होत्या; त्याच वाढल्या. जाताना श्रीगुरूंनी वेलच तोडला. पुढं मुळाशी सोन्यानं भरलेला कुंभ निघाला, आणि वाचणाऱ्याचं लक्ष कुंभावरच जातं. मला मात्र वेल तुटल्यावर रडणारी ती बाई मोठी वाटते. तिनं वाढलं ते नको असलेलं नव्हतं. घरच्यांच्या पोटातलं होतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे : विटलेली साडी, आंबूस डाळ दानाच्या पिशवीत जायची नाही. आपण वापरू तेच द्यायचं.

दोन वर्षांपूर्वी दिरांची नोकरी गेली आणि पाच महिने घर एका पगारावर चाललं. पाकीट थांबवावं का, यावर दोन रात्री बोलणं झालं. मुलांची फी भरायची होती, पतपेढीचा हप्ता होता. सासूबाई म्हणाल्या, “पाकीट राहू दे बाजूला. मूठ थांबवायची नाही. मूठ थांबली की हात आखडायला शिकतो.” तसंच केलं. शुक्राचार्यांनाही ते पटलं असतं.

चोवीस गुरूंत एक कुमारीही आहे. घरची माणसं बाहेर गेलेली, दारी पाहुणे आलेले, आणि त्यांच्यासाठी ती साळी कांडत होती. बांगड्या वाजून घरची गरिबी कळू नये म्हणून तिनं एकेक उतरवली आणि प्रत्येक हातात एकच ठेवली. एकांताचा धडा म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि तो आहेच. पण मला त्यात आणखी एक दिसतं : पाहुण्याला जेवण मिळालं आणि कांडल्याचा आवाज त्याच्यापर्यंत गेला नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा नसलेलं दान सात्त्विक म्हटलं आहे. त्याच्या शेजारी ही मुलगी बसवून बघा.

येत्या माघात घरात लग्न आहे. पत्रिका साध्या कागदाची, आहेर घ्यायचा नाही, एवढं ठरलं. जेवणावळ किती पानांची, यावर अजून वाद चालू आहे. मुलीकडच्यांचंही ऐकायचं असतं. मांडवाबाहेर जे येतील त्यांना तीच पंगत, तेच पान, याला मात्र दोन्हीकडून होकार आला आहे.